दुसऱ्या दाराचा इतिहास : हायस्कुलातले स्तर, शाखा आणि तुकड्या

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की हा इतिहासाचा विषय कसा? नववी-दहावीला कोणतं गणित घ्यायचं, अकरावीला कोणती शाखा, संस्कृत संपूर्ण की संयुक्त, या गोष्टींची चर्चा तर दर जूनमध्ये घरोघरी चालते. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. ती म्हणते, की गणितापासून सुरुवात करून सगळेच विषय दोन पातळ्यांवर देता येतील, एक प्रमाण पातळी आणि एक उच्च पातळी. मुलांनी काही विषय या पातळीवर घ्यावेत, काही त्या पातळीवर. सीबीएसईने तर धोरण येण्याआधीच, २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून, गणिताचे ‘बेसिक’ आणि ‘स्टँडर्ड’ असे दोन पेपर केले होते.

म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने कोणत्या पातळीचं शिकायचं, हा प्रश्न पुन्हा एकदा आपल्या दारात आला आहे. ‘पुन्हा’ अशासाठी म्हणायचं, की १८८२ पासून हा प्रश्न आपल्याकडे निदान पाच वेळा येऊन गेला आहे. दर वेळी हायस्कुलाच्या मुख्य दाराशेजारी एक दुसरं दार काढलं गेलं. कधी त्या दाराकडे कुणी फिरकलं नाही, कधी तिथे रांगा लागल्या. असं का झालं, एवढंच आज आपल्याला बघायचं आहे.

एकच दार : मॅट्रिक

सुरुवात करू या १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून. त्यानुसार १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ मध्ये विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. आता या परीक्षेचा अर्थ काय, तर विद्यापीठात शिरण्याची परीक्षा. शाळेत मूल काय शिकलं हे तपासायला ती काढलेली नव्हती. मूल कॉलेजात बसायला लायक आहे का, एवढंच ती विचारत होती.

पण झालं असं, की सरकारी कचेऱ्याही तीच परीक्षा विचारू लागल्या. मग हायस्कुलाचा सगळा अभ्यासक्रम मॅट्रिकच्या मापाने बेतला गेला. वरच्या वर्गांत इंग्रजीतून शिकायचं, इंग्रजी गद्यपद्य, एक अभिजात भाषा, बीजगणित, भूमिती. कॉलेजात जाणार मोजके, पण शिकायचं सगळ्यांनी तेच. जो पास झाला तो ‘मॅट्रिक’, जो नापास झाला तो ‘नॉन-मॅट्रिक’. नापास होणं हीसुद्धा एक ओळख होऊन बसली आणि पुढे शंभर वर्षं ती आपल्या समाजात टिकली. लग्नाच्या बोलणीतसुद्धा ‘मुलगा नॉन-मॅट्रिक आहे’ हे सांगितलं जायचं!

याच काळात शेजारी एक वेगळी वाट होती, तिचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. ती म्हणजे मराठी शाळेची. मराठी सातवी झाली, की व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा. लोक तिला नुसतं ‘फायनल’ म्हणायचे. इंग्रजी नाही, कॉलेज नाही. पण फायनल पास झालेला माणूस प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकत होता, तलाठी होऊ शकत होता. ही वाट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

१८८२ : अ आणि ब

१८८२ मध्ये सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. आयोगात मुंबईहून काशिनाथ त्रिंबक तेलंग होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे वामन शिवराम आपटे, पंडिता रमाबाई यांच्या साक्षी झाल्या. आणि १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं एक निवेदन आयोगापुढे आलं, ते जोतीराव फुल्यांचं.

फुल्यांचं निवेदन प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते बरोबरच आहे. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पण हायस्कुलाबद्दल त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. पहिली अशी, की सरकारी हायस्कुलातलं शिक्षण व्यवहाराच्या उपयोगाचं नाही, त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे तयार होतात. दुसरी अशी, की मुंबई विद्यापीठाने खासगी रीतीने अभ्यास केलेल्यांना प्रवेश परीक्षेला बसू दिलं हे फार चांगलं केलं, आणि हीच सवलत वरच्या परीक्षांनाही मिळावी.

बघा, काय म्हणतात ते. शिक्षण व्यवहाराचं करा, हे तर म्हणतातच. पण त्याच दमात हेही म्हणतात, की विद्यापीठाचं दार आणखी उघडा. ज्याला दिवसभर शाळेत बसणं परवडत नाही, त्यालाही त्या दारातून आत येता आलं पाहिजे. व्यवहाराचं शिक्षण हवं, म्हणून विद्यापीठाचा हक्क सोडून द्या, असं फुले कुठेही म्हणत नाहीत.

आयोगाने यातली अर्धी गोष्ट घेतली, असं म्हणायला जागा आहे. त्यांनी शिफारस केली, की हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन विभाग करावेत. एक विभाग विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारा. दुसरा अधिक व्यावहारिक, व्यापारधंद्यात किंवा पुस्तकी नसलेल्या व्यवसायात जाणाऱ्या मुलांसाठी. शिक्षणाच्या इतिहासात यांना ‘अ’ अभ्यासक्रम आणि ‘ब’ अभ्यासक्रम म्हणतात. आपल्याकडे हायस्कुलात अधिकृतपणे दोन वाटा करण्याचा पहिला मोठा प्रस्ताव तो हाच.

‘ब’ का ओस पडला?

कागदावर प्रस्ताव चांगला होता. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या नावांनी तो अमलात आला. मुंबई इलाख्यात ‘स्कूल फायनल’ नावाची परीक्षा निघाली. आणि वीस वर्षांनी चित्र काय होतं? १९०१-०२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात मॅट्रिकला बसले सुमारे २३,००० विद्यार्थी, आणि अशा पर्यायी अभ्यासक्रमांच्या परीक्षांना बसले दोन हजारांहूनही कमी.

याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर असं, की भारतीयांना हाताने काम करायला कमीपणा वाटतो, पांढरपेशेपणाची हाव आहे. इंग्रज अधिकारी तर हे म्हणायचेच, आपल्याकडचेही पुष्कळ लोक म्हणायचे. या उत्तरात काहीच तथ्य नाही असं नाही. जातिव्यवस्थेने हाताच्या कामाला जी किंमत दिली होती, ती आपल्याला ठाऊक आहे. पण एवढ्यावर थांबलो तर एक गोष्ट सुटते.

ती गोष्ट म्हणजे फायनल. व्हर्नाक्युलर फायनलची प्रतिष्ठा मॅट्रिकपेक्षा कितीतरी कमी. तरी खेड्यापाड्यांतली, शेतकऱ्यांची, कारागिरांची मुलं त्या परीक्षेला बसत राहिली, पिढ्यान्‌पिढ्या बसली. कारण फायनल झाली की पुढे काय, हे गावातल्या प्रत्येकाला दिसत होतं. शाळेतले मास्तर फायनल पास, चावडीवरचा तलाठी फायनल पास. ‘ब’ अभ्यासक्रमाचं तसं नव्हतं. तो घेतला की कॉलेजचं दार बंद. बरं, दुसरीकडे काय उघडतं? कारखाने थोडे, पेढ्यांत आपल्याच नात्यागोत्यातली मुलं ठेवायची पद्धत. मॅट्रिकला बसून नापास झालेला मुलगासुद्धा कुठे ना कुठे लिहिण्याच्या कामाला लागत होता. मग बापाने पोराला ‘ब’ मध्ये कशाला घालावं? त्या बापाचा हिशोब चुकलेला नव्हता.

दार कमी प्रतिष्ठेचं आहे म्हणून लोक पाठ फिरवतात, हे अर्धसत्य आहे. दारापलीकडे वाट आहे का, हे लोक आधी बघतात.

मुलींचा ‘वेगळा’ अभ्यासक्रम

याच काळात पुण्यात अभ्यासक्रमाच्या स्तरांवरून एक मोठा वाद झाला. त्याला तेव्हा कुणी ‘स्तर’ म्हटलं नाही, पण वाद तोच. १८८४ मध्ये रानडे, भांडारकर आदींच्या पुढाकाराने मुलींचं हायस्कूल निघालं, आपण त्याला हुजूरपागा म्हणून ओळखतो. तिथे मुलींना इंग्रजीसह जवळजवळ मुलांसारखाच अभ्यासक्रम. टिळकांच्या ‘मराठा’ पत्रातून त्यावर कडक टीका झाली. मुलींना घरसंसाराला उपयोगी पडेल असं शिकवा, इंग्रजीचा एवढा भार कशाला, दिवसभराची शाळा कशाला, असा तिचा रोख होता. म्हणजे मुलींसाठी एक ‘ब’ अभ्यासक्रमच मागितला जात होता. रानडे-भांडारकरांची बाजू अशी, की मुलीसाठी वेगळी पातळी ठरवली, की ती पुढे कुठवर जाऊ शकते हेही आपणच ठरवून टाकतो.

आता यातली गुंतागुंत बघा. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांनी काय केलं? त्यांनीही वेगळा अभ्यासक्रमच केला. मातृभाषेतून शिक्षण, गृहजीवनशास्त्र, आरोग्य. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली होती, तिच्यातून त्यांना ही प्रेरणा मिळाली. मग टिळकांची मागणी आणि कर्व्यांचं काम एकच का? अजिबात नाही. कर्व्यांनी वेगळा अभ्यासक्रम केला, पण त्याच्या शेवटी पदवी ठेवली. वेगळ्या वाटेला त्यांनी शेवटपर्यंत नेलं, मध्येच सोडून दिलं नाही.

तरी किंमत मोजावी लागलीच. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची देणगी मिळाली, विद्यापीठ उभं राहिलं, पण कायद्याने त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ साल उजाडलं. पस्तीस वर्षं! इतकी वर्षं तिथल्या पदवीधर मुलींना आपली पदवी ‘खरी’ आहे हे समजावून सांगत राहावं लागलं. वेगळी वाट शेवटपर्यंत नेणं किती अवघड असतं, हे यावरून कळतं.

सार्जंट, एस.एस.सी. आणि बहुउद्देशीय शाळा

आता थोडं भरभर पुढे जाऊ. १९४४ च्या सार्जंट योजनेने सुचवलं, की हायस्कुलं दोन प्रकारची असावीत, विद्याविषयक आणि तांत्रिक. अकराव्या वर्षी निवड करायची, आणि साधारण पाचांतल्या एकाच मुलाला हायस्कुलात घ्यायचं. त्याच वर्षी इंग्लंडात शिक्षण कायदा झाला, आणि तिकडेही अकराव्या वर्षी मुलांची निवड करून त्यांना वेगवेगळ्या शाळांत पाठवायची पद्धत पुढे रूढ झाली. म्हणजे ही कल्पना त्या काळच्या हवेतच होती.

मुंबई राज्यात १९४८ मध्ये एस.एस.सी. परीक्षा मंडळ झालं आणि १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली. हा बदल नावापुरता नव्हता. शाळेच्या शेवटाची परीक्षा आता विद्यापीठाच्या हातून निघून स्वतंत्र मंडळाकडे आली. मूल काय शिकलं ते तपासा, कॉलेजला लायक आहे का ते नंतर बघू, ही भूमिका. लोक मात्र कितीतरी वर्षं मॅट्रिकच म्हणत राहिले.

याच सुमारास टेक्निकल हायस्कुलं वाढली. वर्कशॉप, यांत्रिकी रेखांकन, यंत्र आणि विजेची मूलतत्त्वं हे विषय नेहमीच्या काही विषयांऐवजी घ्यायचे. ही शाळा चालली बरं का! अनेक गावांत तर तिथे प्रवेश मिळवायला खटपट करावी लागायची. कारण पॉलिटेक्निकच्या प्रवेशात या मुलांचा वेगळा विचार व्हायचा. पुन्हा तेच. पलीकडे रस्ता दिसत होता.

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने आणखी मोठी उडी घेतली. एकाच शाळेत सात गट : मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. या शाळेला नाव दिलं बहुउद्देशीय शाळा. दोन प्रकारच्या शाळा करून मुलांची वाटणी करण्यापेक्षा एकाच छपराखाली सगळ्या वाटा ठेवा, म्हणजे उच्चनीचता राहणार नाही, हा विचार. तो अमेरिकेतल्या हायस्कुलाच्या जवळचा होता, आणि आयोगात एक अमेरिकन सदस्यही होते. म्हणून अमेरिकेत या विचाराचं काय झालं, ते दोन मिनिटं पाहू.

एकाच छपराखाली : अमेरिकेचा अनुभव

१८९२ मध्ये अमेरिकेत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखाली दहा जणांची समिती बसली. हंटर आयोगानंतर अवघ्या दहा वर्षांनी. तिने वेगवेगळे चार अभ्यासक्रम सुचवले, पण एक अट घातली. एखादा विषय हायस्कुलात शिकवायचा तर तो घेणाऱ्या प्रत्येक मुलाला सारखाच शिकवायचा, मग ते मूल पुढे कॉलेजात जाणार असो वा नसो.

हे फार टिकलं नाही. हायस्कुलात कामगारांची, स्थलांतरितांची मुलं मोठ्या संख्येने येऊ लागली. १९१७ मध्ये व्यवसाय शिक्षणाला केंद्रीय मदत देणारा कायदा झाला. मग एकाच इमारतीत कॉलेजची वाट, साधारण वाट, व्यवसायाची वाट अशा वाटण्या झाल्या. १९५६ मध्ये कॉलेजच्या पातळीचे विषय शाळेतच देणाऱ्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’च्या, म्हणजे एपीच्या परीक्षा कॉलेज बोर्डाने सुरू केल्या. १९५९ मध्ये जेम्स कॉनन्ट यांनी अहवालात सांगितलं, की मुलांची विभागणी विषयागणिक करा, संपूर्ण मुलावर एकच शिक्का मारू नका. पण बऱ्याच ठिकाणी शिक्काच बसत राहिला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये तर काळ्या आणि गरीब मुलांची इतकी गर्दी खालच्या वाटेत झाली, की १९६७ मध्ये न्यायालयाला ती पद्धत रद्द करावी लागली. ‘हॉब्सन विरुद्ध हॅन्सन’ या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे.

आज अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं आठवी-नववीतच ‘रेग्युलर की ऑनर्स, एपी किती घ्यायचे’ या चर्चेत बुडालेली असतात. त्या शब्दांमागे हा इतिहास आहे. छप्पर एक असून भागत नाही. आतल्या भिंतीत दार आहे की नाही, हे बघावं लागतं.

आपल्या बहुउद्देशीय शाळांच्या वाट्याला तर वेगळंच दुखणं आलं. सात गटांना सात प्रकारचे शिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागतात, शेती लागते. पैसा आणि माणसं नव्हती. बहुतेक ठिकाणी दोन-तीन गट चालले आणि त्यातही हुशार मूल विज्ञानाकडे, हा पायंडा पडला.

कोठारी, जे. पी. नाईक आणि १९७५

१९६४-६६ चा कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव होते आपले जे. पी. नाईक. या आयोगाने जणू सगळा इतिहास वाचून निर्णय घेतला, की पहिली दहा वर्षं सगळ्यांना एकच सर्वसाधारण शिक्षण. फाटे फोडायचे ते दहावीनंतर. त्यातून १०+२+३ चा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात १९७५ मध्ये नवी दहावी आणि जुनी अकरावी अशा दोन्ही परीक्षा झाल्या, आणि ‘जुनी अकरावी’ हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात आला.

आता एक गंमत. याच आयोगाने असंही सुचवलं होतं, की राज्यांनी विषयांचे साधारण आणि प्रगत असे दोन पातळ्यांचे अभ्यासक्रम तयार करावेत, आणि ज्या शाळांत शिक्षक आणि सोयी आहेत तिथे ते टप्प्याटप्प्याने आणावेत. म्हणजे २०२० च्या धोरणातली दोन पातळ्यांची कल्पना १९६६ मध्येच कागदावर होती. विषयाची पातळी वेगळी, पण मुलाची वाट वेगळी नाही, असा तो बारीक फरक होता. आकृतिबंध आपण घेतला, हा बारीक फरक राहून गेला.

आयोगाची आणखी एक अपेक्षा होती, की उच्च माध्यमिक टप्प्यावरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणात जावीत. १९८६ च्या धोरणाने हे उद्दिष्ट खाली आणलं, १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के. तेही गाठलं गेलं नाही. आपल्याकडे एमसीव्हीसीचे वर्ग निघाले, आणि काही मोजके अभ्यासक्रम सोडले तर ‘कुठेच प्रवेश मिळाला नाही तर तिकडे जा’ अशी त्यांची ओळख झाली.

आणि त्याच वेळी ‘बायफोकल’चं काय झालं? अकरावी-बारावी विज्ञानात एक भाषा आणि एक वैकल्पिक विषय सोडून त्याऐवजी २०० गुणांचा इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असा व्यवसाय विषय घ्यायचा. उद्देश काय? मूल बारावीनंतर हाताला काम मिळवू शकेल. प्रत्यक्षात काय झालं? गुण भरघोस पडतात, जीवशास्त्र सुटतं, इंजिनीअरिंगच्या तयारीला वेळ मिळतो, म्हणून सगळ्यात वरच्या टक्केवारीची मुलं बायफोकलला! एकाच सरकारचे दोन व्यवसाय अभ्यासक्रम. एक ओस पडला, दुसऱ्याची यादी नव्वद टक्क्यांच्या वर बंद होऊ लागली. हाताचं काम दोन्हीकडे होतं. पुढचा रस्ता मात्र एकालाच होता.

कागदावर नसलेले स्तर

इथवर आपण आयोगांचे आणि सरकारचे स्तर पाहिले. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी अनुभवलेला स्तर कुठल्याही अहवालात सापडायचा नाही. तो म्हणजे तुकडी. ‘अ’ तुकडी, ‘ब’ तुकडी, ‘क’ आणि ‘ड’. अभ्यासक्रम तोच, पुस्तकं तीच, परीक्षा तीच. पण अनेक शाळांत गुणांप्रमाणे तुकड्या पाडायच्या, अनुभवी शिक्षक ‘अ’ ला द्यायचे, स्कॉलरशिपचे जादा तास ‘अ’ ला, संस्कृत ‘अ’ ला. ‘ड’ मध्ये बसलेल्या मुलाला शाळेने आपल्याबद्दल काय ठरवलंय हे पाचवीतच कळायचं. त्यासाठी कुठला शासननिर्णय लागला नाही.

पुढे सेमी इंग्रजी आलं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून अनेकांनी त्याचं स्वागत केलं, आणि त्याने खरोखर पुष्कळ शाळा तगल्या. पण ज्या शाळेत एकच तुकडी सेमीची होती, तिथे तीच नवी ‘अ’ तुकडी झाली, आणि पूर्ण मराठीतून शिकणारं मूल आपोआप खालच्या पायरीवर गेलं.

मग स्तर केले की अपमान होणारच, असं समजायचं का? तसंही नाही. याच दहावीच्या परीक्षेत एक असा स्तर आहे, जो कुणाला टोचत नाही. तो भाषांचा. इंग्रजी माध्यमाचं मूल इंग्रजी प्रथम भाषा म्हणून घेतं, मराठी माध्यमाचं मूल तीच इंग्रजी तृतीय भाषा म्हणून. पेपर वेगळे, काठिण्य वेगळं. मराठीचं उलट. कितीतरी वर्षं हे चाललं आहे. तृतीय भाषा इंग्रजी घेतली म्हणून कुणाला अकरावीचा प्रवेश नाकारला गेला नाही. म्हणून तिथे शरमही नाही.

याउलट मध्यंतरी काही वर्षं दहावीला ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता. गणिताने ज्यांचं वर्ष वाया जायचं अशा मुलांना त्याने मोठा आधार दिला, हे मान्य केलं पाहिजे. पण तो घेतला की पुढे गणित लागणाऱ्या अभ्यासक्रमांकडे वळणं कठीण. आणि तो घ्यायचा हे ठरत होतं नववीच्या सुरुवातीला, बऱ्याचदा शाळेच्या सल्ल्याने. शाळेला निकालाची टक्केवारी सांभाळायची असते, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या सल्ल्याचा अर्थ कळतो.

मग आज काय विचारायचं?

इतिहास उत्तरं देत नाही, पण काय विचारायचं ते शिकवतो. दीडशे वर्षांच्या या प्रवासातून आपल्या हाती दोन प्रश्न लागतात. या दारापलीकडे रस्ता आहे का? आणि आत गेल्यावर विचार बदलला, तर परत फिरता येतं का? फायनल, टेक्निकल हायस्कूल, बायफोकल या वाटा चालल्या, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ होतं. हंटरचा ‘ब’ आणि एमसीव्हीसी यांची उपेक्षा झाली, कारण उत्तर ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर क्वचितच कुणी ‘हो’ दिलं.

या दृष्टीने सीबीएसईच्या दोन गणितांकडे बघितलं तर एक चांगली गोष्ट दिसते. बेसिक असो की स्टँडर्ड, अभ्यासक्रम एकच आणि वर्गातलं शिकवणंही एकच. फरक फक्त शेवटच्या पेपरच्या काठिण्यात. बेसिक घेतलेल्या मुलाला पुढे गणित घ्यावंसं वाटलं, तर पुरवणी परीक्षेत स्टँडर्डचा पेपर देण्याची सोयही नियमात ठेवली गेली. परतीची वाट आधीच आखून ठेवल्याचं उदाहरण आपल्या या सगळ्या इतिहासात विरळा आहे. पण हे टिकेल कशावर? उद्या एखाद्या शाळेने बेसिकच्या मुलांना वेगळ्या तुकडीत बसवलं, की नियम तोच राहूनही गोष्ट बदलली. दोन पेपरांचे दोन वर्ग व्हायला वेळ लागत नाही, हे ‘अ’ आणि ‘ड’ तुकडीत शिकलेल्या आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

राष्ट्रीय धोरणातल्या दोन पातळ्या आपल्या राज्यात जेव्हा येतील, तेव्हा पालकसभेत, शाळा समितीत, शिक्षकांच्या बैठकीत आपण हे प्रश्न विचारू शकतो. प्रमाण पातळी घेतलेल्या मुलाला कोणकोणते प्रवेश खुले राहतील, ते लेखी द्या. पातळी कोण ठरवणार, मूल, पालक की शाळा? दहावीत, अकरावीत बदलायची असेल तर कशी? आणि प्रमाण पातळीच्या वर्गाला शिक्षक कोण? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात साधा वाटतो, पण मुलाला आपली किंमत काय आहे हे तिथूनच कळतं.

फुल्यांनी आयोगापुढे मागितलेल्या दोन गोष्टी अजून एकत्र मिळायच्या आहेत, व्यवहाराचं शिक्षण आणि उघडं विद्यापीठ. १४० वर्षांत आपण कधी एक दिली, कधी दुसरी. दोन्ही एकाच मुलाला देता येतात की नाही, याची परीक्षा आता आपली आहे.

इथे थांबू. आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू.